शहाण्णव खळग्यांची प्लेट

प्रयोगशाळेत यंत्रमानव बसवणाऱ्या इंजिनिअरला दोन आकडे झोपेतही आठवतात : १२७.७६ आणि ८५.४८. एका प्लास्टिकच्या प्लेटची ही लांबी-रुंदी, मिलिमीटरमध्ये. दिसायला ती प्लेट म्हणजे बारीक खळग्यांचं चौकोनी, पारदर्शक आप्पेपात्र. आठ रांगा, प्रत्येक रांगेत बारा खळगे, एकूण शहाण्णव. एका खळग्याच्या मध्यापासून शेजारच्या खळग्याचा मध्य बरोबर नऊ मिलिमीटरवर. डेंग्यूची तपासणी असो, जनुकांचं वाचन असो किंवा नव्या औषधासाठी लाखो रसायनांची चाळणी असो, काम बहुतेक वेळा याच खळग्यांत चालतं. यंत्राच्या हाताची पकड, द्रव ओढणाऱ्या टिपांमधलं अंतर, प्रकाश मोजणारा रीडर, इन्क्युबेटरचे कप्पे हे सगळं या मापाला बांधलेलं असतं.

पाहणाऱ्याला वाटतं की यंत्र आधी आलं आणि त्याच्या सोयीसाठी प्लेट घडवली. घडलं उलट. प्लेटवर काम करणारे यंत्रमानव प्रयोगशाळांत रुळले ते १९८० च्या दशकात. प्लेट त्याच्या तीस वर्षं आधीची आहे आणि तिचा जन्म टंचाईतला आहे.

दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. हंगेरीत इन्फ्लुएन्झाची मोठी साथ होती. बुडापेस्टच्या राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेत डॉ. ड्युला टाकाची विषाणूंच्या चाचण्या करत होते. त्या चाचणीचं तत्त्व सोपं, पण काम दमवणारं. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटून त्यांना एकमेकींत गुंतवतो. रुग्णाच्या सीरममध्ये त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर हे गुंतणं थांबतं आणि सुट्या राहिलेल्या पेशी तळाशी लाल ठिपक्यासारख्या बसतात. प्रतिपिंडं किती आहेत हे कळायला सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत न्यावं लागतं : आधी दोन पट, मग चार, आठ, सोळा. बाराव्या पायरीला ते ४०९६ पट पातळ झालेलं असतं. प्रत्येक पायरीला एक परीक्षानळी, प्रत्येक वेळी पिपेटने मोजून घेणं, ढवळणं, पुढे टाकणं. साथीत नमुने येतच राहतात, आणि पुरेशा नळ्या-पिपेट मिळत नव्हत्या.

टाकाचींनी १९५१ मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात खळगे कोरले. सहा रांगा, प्रत्येकीत बारा. म्हणजे पहिली प्लेट शहाण्णव खळग्यांची नव्हती, बहात्तरांची होती. रांगा पुढे आठ झाल्या. पिपेटच्या जागी त्यांनी तारेची मळसूत्री कडी वापरली. ती द्रवात बुडवली की पृष्ठताणामुळे ठरावीक मापाचा थेंब तिच्यात अडकून राहतो. तो पुढच्या खळग्यात न्यायचा, कडी बोटांत गरगर फिरवायची, की द्रव मिसळतो; बाहेर काढली की पुन्हा तेवढाच थेंब घेऊन येते. मोजणं, ढवळणं आणि वाहून नेणं एकाच हालचालीत. शिवाय अशा अनेक कड्या एकत्र धरून अनेक रांगांचं काम बरोबरीने उरकता येतं.

माझ्या मते प्रयोगशाळेच्या स्वयंचलनाचा खरा आरंभ इथे आहे. मोटार नाही, वीज नाही, तरी स्वयंचलनाला लागणाऱ्या दोन गोष्टी पूर्ण हजर आहेत. जागा ठरलेल्या आहेत, आणि एकच हालचाल अनेक जागी एकाच वेळी होते. आज आम्ही आठ किंवा शहाण्णव टिपांचं डोकं प्लेटवर उतरवतो तेव्हा त्यातली मूळ कल्पना टाकाचींच्या हातातल्या कड्यांचीच असते.

प्लेट अमेरिकेत पोहोचली आणि साच्यातून ओतून निघू लागली. १९६२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जॉन सेव्हर यांनी विषाणूंच्या तपासणीसाठी ही पद्धत तपशिलात मांडली आणि ती भराभर पसरली. व्हर्जिनियातली कुक इंजिनिअरिंग ही कंपनी ‘मायक्रोटायटर’ या नावाने प्लेट आणि कड्या विकू लागली. प्लेट अमेरिकेत स्थिरावत होती त्याच सुमाराला पिपेटचंही रूप पालटत होतं. १९५७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये हाइनरिश श्निट्गर यांनी दट्ट्या आणि प्लास्टिकची टिप असलेलं पिपेट केलं. तोवर द्रव तोंडाने ओढत, रोगजंतूंचासुद्धा. यंत्रमानवाच्या बाहूला आज जे पिपेट जोडलेलं असतं, त्याचं कूळ या दट्ट्याशी जुळतं.

स्वयंचलनाच्या इतिहासात पहिला मान बहुधा ऑटोॲनालायझरला देतात. क्लीव्हलंडच्या लिओनर्ड स्केग्ज यांनी तोही १९५७ मध्येच पुढे आणला. एकाच नळीतून नमुने एकामागून एक वाहतात आणि मध्ये हवेचे बुडबुडे सोडून ते वेगळे ठेवतात, ही त्याची युक्ती विलक्षण होती. रुग्णालयांतली रक्ततपासणी तिने बदलून टाकली. पण ते यंत्र एका ठरावीक प्रकारच्या कामाला बांधलेलं होतं. प्लेट कुणाच्याही यंत्रात, कोणत्याही चाचणीसाठी जाऊ शकते. म्हणून ती टिकली, वाढली.

वाढीचं मोठं निमित्त ठरलं एलायझा, म्हणजे नमुन्यातली प्रतिपिंडं किंवा प्रथिनं रंगाच्या गडदपणावरून मोजणारी चाचणी. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी ही चाचणी आधी नळ्यांत केली. १९७४ मध्ये ॲलिस्टर व्हॉलर आणि सहकाऱ्यांनी मलेरियाच्या प्रतिपिंडांसाठी ती प्लेटमध्ये आणली. पॉलिस्टायरीनच्या पृष्ठभागाला प्रथिनं आपोआप चिकटतात, त्यामुळे खळग्याची भिंत नुसतं भांडं न राहता चाचणीचा भाग झाली. रंग किती गडद हे मोजायला प्रकाश वरून खाली तळातून जायला हवा, म्हणून या प्लेटचे तळ सपाट आणि नितळ झाले.

या धाग्याचं एक टोक आपल्या पुण्यात आहे. मे २०२० मध्ये राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ‘कोविड कवच’ हा एलायझा संच तयार केला, तेव्हा सांगितलं गेलं की अडीच तासांत ९० नमुने एकदम तपासता येतात. हा आकडा शंभर का नाही, हे प्लेट ओळखणाऱ्याला विचारावं लागत नाही. शहाण्णवांतल्या काही खळग्यांत ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने ठेवावेच लागतात. त्यांच्याशिवाय बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

आता या कुळकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. यंत्रं आली तेव्हा प्लेट अनेक कंपन्या करत होत्या आणि प्रत्येकीची प्लेट किंचित वेगळी होती. हाताने काम करणाऱ्याला मिलिमीटरभर फरक जाणवतही नाही. पण यंत्राचा हात प्लेट खाचेत ठेवायला जातो आणि ती अडकते, किंवा टिप खळग्यात उतरण्याऐवजी काठावर आपटते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी फॉर बायोमॉलिक्युलर स्क्रीनिंगमध्ये उत्पादक आणि वापरणारे एकत्र बसले. कित्येक वर्षांच्या चर्चेनंतर २००४ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय मानक म्हणून मापं मंजूर झाली. तळाच्या कोपऱ्यांजवळ मोजलेली लांबी १२७.७६, रुंदी ८५.४८, दोन्हींत फरक पाव मिलिमीटरपर्यंतच. पहिल्या खळग्याचा मध्य डाव्या कडेपासून १४.३८ आणि वरच्या कडेपासून ११.२४ मिलिमीटर. स्पर्धक कंपन्यांनी एका सामायिक मापाला मान तुकवली, म्हणून आज एका देशातली प्लेट दुसऱ्या देशातल्या यंत्रात तिसऱ्या कंपनीच्या टिपांखाली बिनबोभाट बसते. या कष्टाळू, निनावी कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

नऊ मिलिमीटर निम्मे केले की साडेचार होतात आणि तेवढ्याच चौकटीत ३८४ खळगे मावतात. पुन्हा निम्मे केले की सव्वादोन, आणि १५३६ खळगे. शहाण्णव टिपांचं डोकं थोडं थोडं सरकवत चार वेळा उतरवलं की ३८४ ची प्लेट भरते. जुनं यंत्र फेकून द्यावं लागलं नाही, ते या सरळ भागाकारामुळे.

वारशाबरोबर दोषही आले. प्लेटचा तळ आयताकृती असल्यामुळे ती उलटी फिरवून ठेवली तरी खाचेत तितकीच चपखल बसते. यंत्राला काहीच खटकत नाही, पण पहिल्या रुग्णाचं उत्तर शहाण्णवाव्याच्या नावावर जातं. म्हणून पहिल्या खळग्याची खूण आणि ठरलेल्याच बाजूला चिकटवलेला बारकोड आमच्या कामात जिवापाड जपावा लागतो. दुसरा दोष बाष्पीभवनाचा. शहाण्णवांपैकी छत्तीस खळगे कडेला आहेत. उबेत तासन्‌तास ठेवलेल्या प्लेटमध्ये त्यांतलं पाणी आतल्या साठ खळग्यांपेक्षा लवकर उडतं आणि निकाल सरकतात. पेशी वाढवणारे कित्येक जण ही कड सरळ रिकामी सोडतात, किंवा तिच्यात नुसतं पाणी भरतात.

आता ध्वनिलहरींनी थेंब उडवणारी यंत्रं आली आहेत. खालच्या प्लेटमधून २.५ नॅनोलिटरचा थेंब वर उसळतो आणि उलट्या धरलेल्या वरच्या प्लेटला जाऊन चिकटतो. तिथे टिप नाही, सुई नाही, म्हणजे नऊ मिलिमीटरचं बंधन उरत नाही. तरीही दोन्ही प्लेट जुन्याच मापाच्या आहेत, कारण त्यांच्या आधीची आणि नंतरची सगळी यंत्रं ते माप धरून उभी आहेत.

एक गोष्ट मात्र अजून प्रत्येक उत्पादकाच्या मर्जीवर आहे : खळग्याची खोली. तळाची उंची कशी मोजायची आणि कशी सांगायची, एवढंच २०१२ च्या मानकाने ठरवलं. ती किती असावी हे ठरवलं नाही. टिप तळाला टेकली तर तिचं तोंड बंद होतं, फार वर राहिली तर द्रव उरतो. म्हणून नव्या कंपनीची प्लेट आली की आमच्यातला कुणीतरी कॅलिपर घेऊन बसतो, खळग्याची खोली मोजतो, यंत्राला शिकवतो, रंगीत पाण्यावर चालवून बघतो, आणि मगच रुग्णांचे नमुने तिच्यात भरू देतो.