मेथॅक्रिलेट कुळाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या स्वाऱ्या आणि तहनामे एवढेंच बहुधा आपल्या मनांत येतें. परंतु ज्या पदार्थांवांचून आपलें चालत नाहीं, त्यांसही इतिहास असतो. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांत बसविलेलें कृत्रिम भिंग, दातांच्या कवळीची गुलाबी बैठक आणि कित्येक औषधी गोळ्यांवरील पातळ कवच, हीं पुष्कळदां एकाच रासायनिक कुळांतलीं असतात. त्या कुळाचें नांव मेथॅक्रिलेट. या कुळांतील द्रव्यांचे संयोग अंदाजाच्या हातून सुटून गणिताच्या हातीं कसे आले, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

जर्मनींतील ट्यूबिंगेन विद्यापीठांत ओटो र्‍योम या तरुणानें १९०१ सालीं अ‍ॅक्रिलिक अम्लापासून होणाऱ्या चिकट व घट्ट पदार्थांवर आपला प्रबंध लिहिला. पुढें १९०७ त ओटो हास याच्या भागींत त्यानें कारखाना काढला, तो मात्र कातडें कमावण्याच्या द्रव्यांचा! प्रबंधांतील बीजास फळ येण्यास तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९३३ सालीं ‘प्लेक्सिग्लास’ हें नांव नोंदलें गेलें. त्याच सुमारास इंग्लंडांत ‘पर्स्पेक्स’ निघालें. दोन्हीं नांवें एकाच पदार्थाचीं, म्हणजे पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटाचीं. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांच्या पारदर्शक छतांस हाच पदार्थ लागला.

हा पदार्थ म्हणजे एक सांखळी आहे. मिथिल मेथॅक्रिलेटाच्या रेणूंत कार्बनाचा एक दुहेरी बंध असतो. मुक्त मूलक त्यावर येऊन पडला कीं तो बंध उघडतो, आणि रेणूस रेणू जडत हजारों कड्यांची सांखळी होते. सुटी कडी ती मोनोमर, व सांखळी ती पॉलिमर. अशा खऱ्याखुऱ्या लांब सांखळ्या असतात हें हेर्मान श्टाउडिंगर यानें १९२० त प्रतिपादिलें, तेव्हां अनेक रसायनवेत्त्यांस तें पटलें नाहीं. त्यास नोबेल पारितोषिक मिळावयास १९५३ साल उजाडलें.

आतां खरा प्रश्न. दोन निराळे मोनोमर एकाच भांड्यांत समसमान घातले, तर सांखळींतही ते समसमान उतरतील काय? साधारणतः नाहीं. एक द्रव्य अगोदर संपतें, दुसरें मागें राहतें. त्यामुळें आरंभीं झालेली सांखळी आणि अखेरची सांखळी यांची घडण सारखी नसते. याचें गणित १९४४ सालीं सुटलें. अमेरिकेंतील एका रबर कंपनीच्या प्रयोगशाळेंत फ्रँक मेयो व फ्रेडरिक लुइस यांनीं स्टायरीन आणि मिथिल मेथॅक्रिलेट ही जोडी घेतली. त्याच वर्षीं आल्फ्रे व गोल्डफिंगर हेही स्वतंत्रपणें त्याच समीकरणापाशीं पोंचले. त्यांची मूळ कल्पना फार सोपी आहे. पुढची कडी कोणती जडेल हें सांखळीच्या वाढत्या टोंकाशीं कोणती कडी आहे यावर अवलंबून असतें. तें टोंक परक्याच्या मानानें स्वजातीयास किती पटीनें पसंत करतें, हा आंकडा म्हणजे विक्रियाशीलतेचें गुणोत्तर. वरील जोडींत दोन्हीं गुणोत्तरें सुमारें अर्धीं आहेत. म्हणजे प्रत्येक टोंक आपल्यापेक्षां परक्यास दुप्पट ओढीनें घेतें!

परंतु ही ओढ तरी द्रव्याच्या अंगची कायमची आहे काय? १९५० सालीं वॉलिंग, मेयो आदि संशोधकांनीं याच जोडीचें सममिश्रण तीन रीतींनीं जोडून पाहिलें. मुक्त मूलकानें सांखळी सुमारें निम्मी-निम्मी झाली. स्टॅनिक क्लोराइडानें जवळजवळ केवळ स्टायरीनची. सोडियमानें जवळजवळ केवळ मेथॅक्रिलेटाची. द्रव्यें तींच, पण प्रसंग बदलतांच त्यांची आवड पालटली. या आंकड्यांस केवळ द्रव्याचा स्वभाव समजून चालणार नाहीं, हें यावरून सिद्ध झालें.

हा केवळ विद्वानांचा विनोद नव्हे. मेथॅक्रिलिक अम्ल व मिथिल मेथॅक्रिलेट यांचें समप्रमाण सहबहुवारिक गोळीवर चढविलें, तर तें जठराच्या अम्लांत टिकतें व आंतड्यांत पीएच ६ च्या वर विरघळतें. मेथॅक्रिलेट दुप्पट केलें तर पीएच ७ लागतो. प्रमाण चुकलें तर औषध भलत्याच ठिकाणीं सुटेल. असेंच दुसरें उदाहरण मऊ नेत्रभिंगाचें. हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेटांत सांखळ्या आडव्या जोडणारें डायमेथॅक्रिलेट अगदीं अल्प घातलें, कीं पाणी शोषून मऊ होणारें परंतु न विरघळणारें जाळें बनतें. प्रागचा ओटो विख्टर्ले यास १९५८ त राजकीय कारणांवरून अध्यापनाच्या जागेवरून दूर करण्यांत आलें. तरी १९६१ च्या नाताळांत त्यानें घरींच, मुलांच्या ‘मेर्कुर’ खेळण्याच्या सुट्या भागांचें यंत्र रचून, पहिलीं चार भिंगें ओतलीं.

आमच्या महाविद्यालयांतून विद्यार्थी हें समीकरण परीक्षेपुरतें पाठ करतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, त्यांतील प्रत्येक अक्षरामागें कोणीतरी भांड्यांत काय घातलें आणि सांखळींत काय उतरलें याचा प्रामाणिक हिशेब ठेवलेला आहे. र्‍योमनें तीस वर्षें वाट पाहिली, विख्टर्लेनें जागा गमावूनही काम सोडलें नाहीं. आणि त्यांच्या श्रमांचा लाभ ज्यांस त्यांचें नांवही ठाऊक नाहीं अशा रोग्यांस आज घरोघर मिळत आहे.