आजीच्या फाइलमधला 'पॉइंट ए'

आजीची जुनी फाइल स्कॅन करत बसलो होतो. पिवळ्या पडलेल्या एका कार्डावर 'पॉइंट ए' असं लिहिलेलं आणि पुढे एक आकडा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, रेडिएशन घेतलं, बरी झाली, एवढंच आम्हा नातवंडांना माहीत. हा पॉइंट म्हणजे नक्की कुठला?

त्यासाठी १९३८ सालच्या मँचेस्टरला जावं लागतं. तोवर या कॅन्सरवर रेडियम वापरून तीसेक वर्षं झाली होती. रेडियमच्या नळ्या गर्भाशयात आणि योनीत ठेवायच्या, नंतर काढायच्या. स्टॉकहोमवाले जास्त रेडियम थोड्या वेळासाठी, दोन-तीनदा ठेवत. पॅरिसवाले कमी रेडियम सलग काही दिवस. हिशोब 'मिलिग्रॅम-तासां'त: किती मिलिग्रॅम रेडियम गुणिले किती तास. माझ्यातल्या इंजिनिअरला हे वाचून घाम फुटला. गॅस किती मोठा आणि किती वेळ चालू होता तेवढं लिहायचं, पातेलं किती तापलं याची नोंदच नाही!

मार्गारेट टॉड ही डॉक्टर आणि मेरेडिथ हा भौतिकशास्त्रज्ञ, या दोघांनी शरीराच्या आत एक जागा ठरवली: योनीच्या वरच्या टोकापासून २ सेंमी वर, गर्भाशयाच्या मध्यरेषेपासून २ सेंमी बाजूला. गर्भाशयाची रक्तवाहिनी मूत्रवाहिनीला ओलांडते, त्याच्या आसपास. हाच पॉइंट ए. तिथे किती किरण पोचले ते मोजायचं. आता एका शहरातल्या उपचाराची दुसऱ्या शहरातल्या उपचाराशी तुलना करता येऊ लागली. मला तरी ही रेडियमइतकीच मोठी गोष्ट वाटते.

पण हा हार्डकोड केलेला आकडा. गाठ मोठी असेल तर पॉइंट ए गाठीच्या पोटातच येतो, आणि बाहेरची कड उपाशी राहते. गाठ लहान असेल तर किरण गरजेपेक्षा लांब जातात. शेजारीच मूत्राशय आणि गुदाशय.

२००५मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी सुचवलं की उपकरण आत असतानाच एमआरआय काढा, गाठ प्रत्यक्ष आखा, आणि डोस त्या आकाराला द्या. या पद्धतीचा 'एम्ब्रेस' हा अभ्यास २०२१मध्ये छापून आला. त्यात मुंबईचं टाटा मेमोरियलही होतं. पाच वर्षांनंतर ९२ टक्के बायकांमध्ये गाठ मूळ जागी आटोक्यात होती. जिवंत मात्र ७४ टक्के, कारण आजार इतरत्रही पसरतो. शिवाय दरवेळी एमआरआय मिळणं सगळीकडे जमत नाही. तिथे आजही पॉइंट एवरच काम चालतं.

आजीला पुढे बरीच वर्षं शौचातून रक्त पडायचं. घरात सगळे त्याला मूळव्याध म्हणायचे. परवा आईला विचारलं, हे कधी सुरू झालं?

"रेडिएशननंतर वर्षभराने असेल," ती म्हणाली. "का रे?"