बराकींच्या वाटेवरची खाद्यफेरी

रविवारी सकाळी उल्हासनगर किंवा विठ्ठलवाडी स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत काही जण जीन्स घ्यायला आलेले नसतात, फर्निचर बघायलाही नाही. ते खायला आलेले असतात. ठाणे-डोंबिवलीहून निघालेली चार-पाच जणांची टोळी आणि बरोबर इथेच वाढलेला एखादा मित्र. तो नेईल तिथे जायचं. एका ठेल्यावर दाल पकवान, पुढच्या नाक्यावर छोले-डबल, मग मिठाईवाल्याकडे सेवेची बर्फी, आणि परत निघताना पापडांची पुडकी. युरोपातल्या शहरांत याच गोष्टीचा मोठा धंदा झाला आहे. रोममध्ये, लिस्बनमध्ये पैसे भरून वाटाड्यामागे तीन-चार तास चालायचं, पाच-सहा दुकानांत एकेक घास, एकेक घोट घ्यायचा आणि त्या गल्लीची गोष्ट ऐकायची. मुंबईतही आता अशा फेऱ्या रुळल्या आहेत. भरत गोठोसकर यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘खाकी टूर्स’मुळे शहर पायी फिरून समजून घेण्याची गोडी अनेकांना लागली. उल्हासनगरच्या फेरीचं कूळ मात्र वेगळं आहे, आणि ते नीट सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी परदेशातला फाटा बघू. १८०३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रिमो द ला रेनिएर या गृहस्थाने ‘आल्मनाक दे गुर्मां’ नावाचं छोटेखानी वार्षिक काढलं. त्याच्या पहिल्याच खंडात खवय्याची पॅरिसमधली भटकंती आहे: कोणत्या भागात कोणाकडे काय चांगलं मिळतं, पेठेमागून पेठ. राज्यक्रांतीने जुनी सरदारघराणी मोडली होती. त्यांच्या मुदपाकखान्यांतले काही आचारी आता शहरात स्वतःची उपाहारगृहं चालवत होते. ज्यांच्या हाती नवा पैसा आला होता, त्यांना काय खावं आणि कुठे खावं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. ग्रिमोने ती गरज ओळखली, आणि १८१२ पर्यंत त्याचे आठ खंड निघाले. पुढे १९०० मध्ये मिशलँ या टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड येणार म्हणून कार्लो पेत्रिनी आणि त्याचे सोबती विरोधाला उभे राहिले, आणि त्या काळातच ‘स्लो फूड’ चळवळ आकाराला आली. आजच्या युरोपीय फेऱ्यांवर या सगळ्यांची छाप आहे. मला त्यातलं ग्रिमोचं पान सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मोठी उलथापालथ झाली की खाण्याचा नकाशा नव्याने काढावा लागतो हे तिथे स्पष्ट दिसतं.

मराठीत शहराकडे असं बारकाईने बघण्याचं काम गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्येच ‘मुंबईचे वर्णन’ लिहून केलं. नंतरच्या खवय्यांनी पुस्तकांपेक्षा रेल्वेच्या स्थानकांवरच आपला नकाशा बसवला. ठाण्यात उतरायचं ते मामलेदार मिसळीसाठी, नाहीतर कुंजविहारच्या वडापावसाठी. या नकाशात कल्याणच्या पुढचा भाग बरीच वर्षं कोरा होता. उल्हासनगरचं नाव निघालं की नकली मालाचा विनोद व्हायचा आणि विषय तिथेच संपायचा. इतक्या कष्टाने उभ्या राहिलेल्या गावावर हा अन्याय होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपलं, छावणी रिकामी झाली. फाळणीनंतर सिंधमधल्या बहुसंख्य हिंदूंनी लगेच घर सोडलं नव्हतं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि मग लोंढा लागला. पंजाब आणि बंगाल यांचा निदान काही भाग भारतात राहिला. सिंध अख्खा पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी माणसाला आपलं म्हणावं असं राज्य इथे नव्हतंच. जे मिळालं ते छावणीतलं छप्पर. बोटींनी मुंबई बंदरात उतरलेल्यांपैकी सुमारे एक लाख माणसं कल्याणच्या या छावणीच्या पाच भागांत आली. लांबच लांब बराकी, एकेका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये आडोशाला गोणपाट नाहीतर चादर. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळालं. १९९६ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या वर गेली होती. बराकींच्या जागी इमारती आल्या, पण छावणीचे आकडे गेले नाहीत. आजही इथल्या पत्त्यात कॅम्प नंबर असतो, सेक्शन असतो, पुष्कळदा बराक नंबरही असतो.

खाद्यफेरीचं मूळ या आकड्यांत आहे. सिंधमधल्या कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना इथली माणसं एका रांगेत येऊन पडली, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी पोटासाठी पहिलं जे विकलं ते खाण्याचंच. बायका बराकीत पापड लाटायच्या, पुरुष आणि पोरं ते घेऊन लोकलमध्ये चढायची. गोळ्या, मिठाई, पापड असं जे हाताशी येईल ते डब्याडब्यांतून विकलं गेलं. काल ज्यांची जमीन होती, पेढी होती, त्यांनी हे केलं. नंदिता भवनानी यांच्या २०१४ च्या ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ या पुस्तकात सिंधी निर्वासितांच्या त्या काळाचा तपशील आहे. ज्यांना या गावात जीव गुंतवायचा आहे त्यांनी ते जरूर वाचावं. तेव्हा चालायचा तो विकणारा. खाणारा आपल्या दारात किंवा गाडीच्या बाकावर बसलेला असायचा. विकणाऱ्याने नाक्यावर गाडी लावली, मग गाळा घेतला, आणि दोन पिढ्यांनी खाणारा त्याच्याकडे चालत येऊ लागला.

इथले पदार्थही हीच हकिगत सांगतात. कोकी घ्या. कणकेत कांदा, मिरची, कोथिंबीर, असेल तर अनारदाणा आणि सढळ तेल घालून घट्ट मळायचं, जाड लाटून अर्धवट भाजायचं, पुन्हा लाटून मंद आचेवर खरपूस करायचं. ही मुळात शिदोरी. सकाळी केलेली रात्रीपर्यंत चांगली राहते. पकवानही तसंच. ओवा-जिरं घातलेली मैद्याची पुरी टोचे मारून तळायची, म्हणजे ती फुगत नाही आणि कित्येक दिवस कुरकुरीत राहते. त्यावर मऊ शिजवलेली चण्याची डाळ, चिंचेची आणि हिरवी चटणी, वर कच्चा कांदा. आदल्या दिवशी पकवान तळून ठेवलं की सकाळी फक्त डाळ गरम ठेवायची. फुटपाथवर एकट्याने धंदा करणाऱ्याला यापेक्षा सोयीची न्याहारी सापडणं कठीण. चव तर आहेच, पण ठेल्यांवर हा पदार्थ इतका का फोफावला याचं निम्मं उत्तर मला या सोयीत दिसतं.

डबल म्हणजे पाव. छोल्यांच्या रश्श्यात तो कुस्करून खायचा, किंवा कालचा पाव कांदा-टोमॅटो-कोथिंबिरीच्या वाटणात शिजवून त्याचा सेयल डबल करायचा. शिळं वाया जाऊ न देणारं हे स्वयंपाकघर आहे. आपण फोडणीची पोळी करतो, तेच शहाणपण. भी म्हणजे कमळाचं देठ. सिंधू नदीच्या काठचे तलाव मागे राहिले, तरी ही भाजी उल्हासनगरच्या मंडईत हटकून दिसते. साई भाजीत पालक, चणाडाळ, शेपू आणि चुका. चुका तर आपल्याच मंडईतला. तो मराठी आणि सिंधी दोन्ही घरांत शिजतो आणि तरी बहुतेक मराठी घरांना साई भाजी माहीत नसते, याचं मला वाईट वाटतं. सिंधी कढीत ताक नाही. बेसन तेलावर खमंग भाजून, चिंच किंवा कोकमाचा आंबटपणा देऊन त्यात शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा सोडतात. रविवारी दुपारी कढी-भात हा अनेक घरांचा ठरलेला बेत. आणि पापड. सिंधी घरात पाहुणा आला की आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे येतो. ज्या पापडाने छावणीतल्या कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या, तो फेरीच्या शेवटी विकत घेण्यात मला मोठं औचित्य वाटतं.

फेरी कधी काढायची याचंही भान हवं. होळीच्या आसपास गेलात तर घीयर मिळेल, जिलबीच्या जातीचं पण ताटभर. त्याच सुमारास थाधल असते: बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची वाटून केलेलं थंड पेय. महाशिवरात्रीला ती सिंधी घरांत होते, आणि त्याच दिवशी पुढच्या स्थानकावर, अंबरनाथला, वालधुनी नदीकाठच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात जत्रा भरते. मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. एका दिवसात दोन्ही करता येतं. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, गोड भात, ताहिरी. थधडीला चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी केलेली कोकी आणि गोड लोला खातात. आपल्याकडच्या शीतला सप्तमीचंच हे भावंड. जूनच्या तोंडावर गेलात तर गाडीने बदलापूरपर्यंत जा. तिथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ती जांभळं पाटीत घेऊन बसलेल्या बाईकडूनच घ्यावीत.

युरोपाकडून एक गोष्ट मात्र शिकून घ्यायला हवी. बार्सिलोनाच्या बोकेरिया मंडईत पर्यटकांची इतकी झुंबड व्हायला लागली की रोजचं गिऱ्हाईक भाजी घ्यायला येईना. अखेर २०१५ मध्ये शुक्रवारी आणि शनिवारी, ऐन बाजाराच्या वेळी, पंधराहून मोठ्या गटांना मज्जाव करावा लागला. उल्हासनगरच्या गल्ल्या बोकेरियाहूनही अरुंद आहेत, आणि सकाळी ठेल्यापुढे उभी असलेली माणसं कामावर निघालेली असतात. चार-पाचजणांनी जावं, पूर्ण प्लेट घ्यावी, फुकट चव मागू नये. फोटो काढण्याआधी विचारावं. फक्त खाऊन परतू नये. दुकान कोणत्या बराकीच्या जागी आहे, घराणं सिंधच्या कोणत्या गावचं, हे विचारावं. लोक आनंदाने सांगतात.

आणि हे विचारायला फार वेळ उरलेला नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. पहिली गाडी कोणत्या नाक्यावर लागली, कोणत्या बराकीत पापड लाटले जायचे, हे त्यांनाच ठाऊक. इथल्या चांदीबाई महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन त्यांच्या घरी जावं, बराक नंबरांसह खाण्याचा नकाशा काढावा, आणि महापालिकेने त्या त्या नाक्यावर सिंधी आणि मराठीत पाटी लावावी. एवढं झालं तर बाहेरून येणाऱ्यांना वाटाड्याचं तिकीट काढावं लागणार नाही.