फॅक्टरी रिस्टोअर (लॅपटॉप)

फॅक्टरी रिस्टोअर म्हणजे लॅपटॉपमधील सॉफ्टवेअर तो कारखान्यातून बाहेर पडताना ज्या स्थितीत होते, त्या मूळ स्थितीत परत आणण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत वापरकर्त्याने बसवलेले प्रोग्रॅम, त्याची खाती, सेटिंग आणि बहुतेक वेळा त्याच्या सर्व फाइल काढून टाकल्या जातात व निर्मात्याने दिलेली ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसवली जाते. लॅपटॉप अतिशय मंद झाला असेल, व्हायरसने बाधित झाला असेल, सुरूच होत नसेल किंवा दुसऱ्या व्यक्तीला द्यायचा असेल, तर हा उपाय योजला जातो.

जुन्या लॅपटॉपमध्ये ही अंगभूत सोय अनेकदा अपयशी ठरते. त्याचे मूळ कारण तिच्या रचनेतच आहे. ऑपरेटिंग सिस्टिम ज्या डिस्कवर असते, तिची राखीव प्रतही त्याच डिस्कवर ठेवलेली असते. त्यामुळे डिस्कला झालेली इजा दोहोंनाही पोहोचते. मात्र राखीव प्रत नष्ट झाली म्हणजे लॅपटॉप निकामी झाला असे नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर आणि परवाना हे तिन्ही घटक सहसा अन्य मार्गांनी मिळवता येतात. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइल मात्र अशा रीतीने पुन्हा मिळत नाहीत. म्हणून अंगभूत सोय अपयशी ठरल्यावर ती वारंवार चालवून पाहण्याआधी या फाइल सुरक्षित करणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळात लॅपटॉपसोबत ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी दिली जात असे. पुढे खर्च वाचवण्यासाठी बहुतेक निर्मात्यांनी सीडी देणे थांबवले आणि हार्ड डिस्कचाच एक भाग राखून त्यात मूळ सॉफ्टवेअरची संकुचित प्रत ठेवण्यास सुरुवात केली. या भागाला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळातील लॅपटॉपमध्ये त्याचा आकार साधारणतः १० ते २० जीबी असे. तो वापरकर्त्याच्या सहज नजरेस पडू नये म्हणून बहुधा लपवलेला असे. काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये ही प्रत नेहमीच्या पार्टिशनऐवजी हार्ड डिस्कच्या 'होस्ट प्रोटेक्टेड एरिया' या संरक्षित क्षेत्रात ठेवलेली होती.

लॅपटॉप घेतल्यावर या प्रतीवरून रिकव्हरी डीव्हीडी तयार करून ठेवाव्यात, अशी सूचना निर्माते देत असत. अनेक वापरकर्त्यांनी ती पाळली नाही. ज्यांनी पाळली, त्यांच्याही डीव्हीडी ओरखड्यांमुळे किंवा कालांतराने रंगद्रव्याचा थर खराब झाल्यामुळे वाचता येईनाशा झालेल्या आढळतात.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने रीफ्रेश आणि रीसेट या दोन सुविधा ऑपरेटिंग सिस्टिममध्येच समाविष्ट केल्या. २०१५ च्या विंडोज १० मध्ये रीसेटसाठी स्वतंत्र प्रतीची गरज उरली नाही. डिस्कवर असलेल्या प्रणालीच्या फाइल जुळवूनच नवी प्रत उभी केली जाऊ लागली. २०२० मधील २००४ या आवृत्तीपासून आवश्यक फाइल इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा क्लाउड डाउनलोड हा पर्यायही मिळाला.

रिकव्हरी सुरू करण्याच्या कळा

लॅपटॉप सुरू होताना ठरावीक कळ दाबल्यास रिकव्हरी पार्टिशनमधील प्रोग्रॅम चालू होतो. ही कळ निर्मात्यानुसार, तसेच काही वेळा मॉडेलनुसार बदलते. प्रचलित कळा पुढीलप्रमाणे आहेत:

- एचपी: एफ११
- डेल: विंडोज एक्सपीच्या काळात कंट्रोल आणि एफ११, विंडोज व्हिस्टा व ७ मध्ये एफ८ दाबून येणाऱ्या यादीतील दुरुस्तीचा पर्याय
- एसर: ऑल्ट आणि एफ१० (त्यासाठी बायोसमध्ये 'डीटूडी रिकव्हरी' चालू असावी लागते)
- आसुस: एफ९
- तोशिबा: शून्याची कळ दाबून धरणे
- लेनोव्हो आयडियापॅड: नोव्हो बटण
- सोनी वायो: एफ१० किंवा असिस्ट बटण
- सॅमसंग: एफ४

अपयशाची कारणे

डिस्कमधील बिघाड: हार्ड डिस्कवरील काही सेक्टर वाचता येईनासे झाले, की मूळ प्रत उलगडताना प्रक्रिया मध्येच थांबते. ती दरवेळी त्याच टक्केवारीवर अडकत असेल, तर हे कारण संभवते. डिस्कची स्मार्ट नोंद पाहिल्यास बिघाडाचा अंदाज येतो. त्यात बदललेल्या व प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर डिस्क निकामी होण्याच्या मार्गावर असल्याचे समजतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येणे हेही तसेच लक्षण आहे.

पार्टिशनची बदललेली रचना: जागा वाढवण्यासाठी रिकव्हरी पार्टिशन पुसणे, डिस्कची नव्याने विभागणी करणे किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची दुसरी आवृत्ती बसवणे यांमुळे निर्मात्याच्या प्रोग्रॅमला अपेक्षित रचना सापडत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये रिकव्हरीची कळ ओळखणारा संकेत अनेकदा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डमध्ये असतो. लिनक्स बसवताना ग्रब हा बूटलोडर तेथे लिहिला गेल्यास प्रत शाबूत असूनही कळ काम करत नाही.

डिस्क बदलणे: हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यास रिकव्हरी पार्टिशन जुन्या डिस्कवरच राहते. नवी डिस्क आकाराने लहान असल्यास रिकव्हरी डीव्हीडी असूनही काही निर्मात्यांचे प्रोग्रॅम पुढे जाण्यास नकार देतात.

प्रणालीच्या फाइल दूषित होणे: विंडोज १० मधील रीसेट अस्तित्वात असलेल्या फाइलवरच अवलंबून असल्यामुळे त्या बिघडलेल्या असतील तर रीसेटही फसते. रीसेट करताना समस्या आली व कोणताही बदल झाला नाही, असा संदेश अशा वेळी दिसू शकतो. रिकव्हरीचे वातावरण बंद असल्यास किंवा त्याची फाइल सापडत नसल्यासही रीसेट होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेले विंडोज १० चे एक सुरक्षा अद्यतन रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नसलेल्या संगणकांवर बसू शकले नव्हते. जुन्या रचनेतील हे पार्टिशन नव्या गरजांना अपुरे पडते, हे त्यातून दिसून आले.

अन्य हार्डवेअर दोष: सदोष रॅममुळे फाइल उलगडताना दरवेळी वेगळ्या ठिकाणी त्रुटी येतात. मदरबोर्डवरील ३ व्होल्टची छोटी बॅटरी संपली असल्यास घड्याळ मागे जाते आणि सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरल्याने इंटरनेटवरून फाइल उतरवता येत नाहीत.

माहितीचा बचाव

लॅपटॉप सुरू होत नसला तरी त्यातील फाइल बहुधा शाबूत असतात. पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह लिनक्स प्रणाली डिस्कवर काहीही न बसवता सुरू करता येते आणि फाइल बाहेरील डिस्कवर उतरवता येतात. डिस्क काढून यूएसबी आवरणामार्फत दुसऱ्या संगणकाला जोडणे हा दुसरा मार्ग होय. डिस्क बिघडत चालली असेल, तर तिच्यावर चेकडिस्कसारखा दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवणे धोक्याचे असते, कारण त्याने डिस्कवरील ताण वाढतो व मजकूर बदलू शकतो. अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यू यांसारख्या साधनाने आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढतात आणि पुढील काम त्या प्रतीवर करतात.

डिस्क कूटबद्ध असल्यास फाइल वाचण्यासाठी किल्ली लागते. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते. विंडोज ८.१ पासून काही लॅपटॉपमध्ये कूटबद्धीकरण आपोआप चालू होते व ही किल्ली वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवली जाते.

केवळ डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर उतरवणे पुरेसे नसते. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहिती, ईमेल प्रोग्रॅममधील पत्रव्यवहार, ब्राउझरमधील खुणा आणि स्वतः बसवलेले फॉन्ट हे बहुधा अन्य फोल्डरांत असतात. पुनर्स्थापनेनंतर लक्षात येणाऱ्या हानीत त्यांचा वाटा मोठा असतो.

पर्यायी मार्ग: नवे इन्स्टॉलेशन

राखीव प्रत उपयोगात येत नसल्यास ऑपरेटिंग सिस्टिम मूळ माध्यमावरून नव्याने बसवली जाते. डिस्क सदोष असेल तर ती आधी बदलावी लागते. बहुतेक जुन्या लॅपटॉपमधील २.५ इंची साटा हार्ड डिस्कच्या जागी त्याच आकाराची एसएसडी बसते.

माध्यम: विंडोज १० चे माध्यम मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबी क्षमतेच्या पेनड्राइव्हवर तयार करता येते. त्यासाठी दुसरा चालू संगणक लागतो. लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने सुरू होतो की जुन्या बायोस पद्धतीने, यावर डिस्कची विभागणी जीपीटी असावी की एमबीआर हे अवलंबून असते. ही जोडी जुळली नाही तर विंडोज त्या डिस्कवर बसण्यास नकार देते.

परवाना: विंडोज ७ पर्यंतच्या लॅपटॉपवर तळाशी किंवा बॅटरीच्या खाचेत २५ अक्षरांची प्रॉडक्ट की असलेले स्टिकर लावलेले असे. त्यावरील अक्षरे घासून पुसट होत असल्याने त्याचे छायाचित्र काढून ठेवणे उपयुक्त ठरते. विंडोज ८ पासून ही की लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये साठवली जाऊ लागली. योग्य आवृत्ती बसवल्यास विंडोज ती आपोआप वाचते. विंडोज १० एकदा अधिकृतपणे कार्यान्वित झालेली असल्यास तिचा डिजिटल परवाना हार्डवेअरशी जोडलेला असतो. त्यामुळे फक्त डिस्क बदलल्याने तो सहसा रद्द होत नाही.

ड्रायव्हर: मूळ प्रतीत निर्मात्याचे सर्व ड्रायव्हर असतात, नव्या माध्यमात ते असतीलच असे नाही. वाय-फायचा ड्रायव्हर नसल्यास इंटरनेट मिळत नाही व इंटरनेटविना ड्रायव्हर मिळत नाही. हा पेच टाळण्यासाठी नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर घेतला जातो. विंडोज ७ च्या माध्यमात यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नसल्याने काही लॅपटॉपवर इन्स्टॉलेशन सुरू झाल्यावर पेनड्राइव्ह ओळखला जात नाही.

मूळ स्थिती आणि सुरक्षा

फॅक्टरी रिस्टोअर यशस्वी झाले तरी निर्मात्याची प्रत लॅपटॉपला त्याच्या निर्मितीच्या काळातील सुरक्षा पातळीवर नेते. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, व्हिस्टाचे ११ एप्रिल २०१७ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजी, तर विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या प्रतीतील मूळ प्रमाणपत्रांची मुदतही संपलेली असू शकते, त्यामुळे अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत.

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० आवश्यक आहेत. या अटी बहुतेक जुने लॅपटॉप पूर्ण करत नाहीत. अशा लॅपटॉपसाठी लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या हा पर्याय उरतो. त्यांना अद्यतने मिळत राहतात व परवान्याची गरज नसते. भारतात सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही भारतीय भाषांचा आधार असलेली प्रणाली उपलब्ध आहे. विशिष्ट विंडोज प्रोग्रॅमवर अवलंबून असणाऱ्यांना मात्र हा बदल सोयीचा ठरेलच असे नाही.

मराठी मजकुरावरील परिणाम

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टच्या संकेतांनुसार टंकला जात असे. असा मजकूर असलेली फाइल वाचवली, पण तिचा फॉन्ट वाचवला नाही, तर पुनर्स्थापनेनंतर देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. योग्य फॉन्ट पुन्हा बसवल्यावर तो वाचता येतो. युनिकोड मजकुराबाबतही काही फरक पडतो. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीसाठी जटिल लिप्यांचा आधार वेगळा चालू करावा लागत असे. विंडोज १० नव्याने बसवल्यावर मंगल हा फॉन्ट देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचातून जोडावा लागतो. तो नसल्यास त्याच्या जागी दुसरा फॉन्ट वापरला जाऊन दस्तऐवजाची पृष्ठरचना बदलू शकते. इनस्क्रिप्ट कळफलकही पुन्हा निवडावा लागतो.

अन्य प्रणाली

२०११ पासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या मॅक संगणकांत डिस्कवरील रिकव्हरी उपलब्ध नसल्यास फर्मवेअरमार्फत थेट ॲपलच्या सर्व्हरवरून ती सुरू करता येते. त्यासाठी ऑप्शन, कमांड आणि आर या कळा वापरतात. क्रोमबुकमध्ये मूळ स्थितीत नेण्याच्या सोयीला पॉवरवॉश म्हणतात. ते शक्य नसल्यास पेनड्राइव्हवर रिकव्हरी माध्यम बनवले जाते. या दोन्ही पद्धतींत राखीव प्रत डिस्कबाहेरून आणता येत असल्याने डिस्कच्या बिघाडाचा परिणाम मर्यादित राहतो.

लॅपटॉप दुसऱ्यास देताना

फॅक्टरी रिस्टोअर आणि नवे इन्स्टॉलेशन यांपैकी कशानेही जुनी माहिती पूर्णपणे नष्ट होईलच असे नाही. हार्ड डिस्कवर फाइलची नोंद पुसली जाते, पण नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच राहतो आणि विशेष सॉफ्टवेअरने तो परत मिळवता येतो. विंडोजच्या रीसेटमधील ड्राइव्ह पूर्णपणे साफ करण्याचा पर्याय किंवा संपूर्ण डिस्कवर नवे लेखन करणारा प्रोग्रॅम त्यासाठी वापरतात. एसएसडीसाठी तिच्या नियंत्रकातील सिक्युअर इरेज ही आज्ञा अधिक योग्य समजली जाते. डिस्क बिघडल्यामुळे पुसता येत नसेल, तर लॅपटॉप देण्यापूर्वी ती काढून घेणे किंवा भौतिकरीत्या नष्ट करणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

हे सुद्धा पहा

- ऑपरेटिंग सिस्टिम
- हार्ड डिस्क
- बायोस
- लिनक्स
- युनिकोड