‘मॉर्सल’, ‘घास’ आणि ‘ग्रस्त’

इंग्रजीतील ‘मॉर्सल’ या शब्दास मराठीत ‘घास’ हा प्रतिशब्द सर्रास योजिला जातो. तो चुकीचा नव्हे. मात्र दोन्ही शब्दांची कुळे भिन्न आहेत. ‘मॉर्सल’ हा लॅटिनमधील ‘चावणे’ या अर्थाच्या धातूपासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. (पश्चात्तापवाचक ‘रिमोर्स’ हा त्याचाच भाऊबंद होय.) दाताने तोडलेला तुकडा, म्हणून अल्पता हाच त्याचा मुख्य भाव. मराठी ‘घास’ मात्र सामान्यतः संस्कृत ‘ग्रास’शी, म्हणजेच ‘ग्रस्’, अर्थात गिळणे, या धातूशी जोडला जातो. संस्कृतात ‘घास’ म्हणजे चारा. ‘लसूणघास’ या शब्दात तो अर्थ मराठीतही टिकून आहे.

दात आणि घसा यांतील हा भेद क्षुल्लक नव्हे. गिळण्याचे एकक म्हणून घासाला मोजमापाची प्रतिष्ठा मिळाली. आपस्तंब धर्मसूत्रात मुनीस ८, वानप्रस्थास १६ आणि गृहस्थास ३२ ग्रास सांगितले आहेत. चांद्रायण व्रतात चंद्रकलांनुसार ग्रास घटतात व वाढतात. पावसाने कापणीचे भात नेले की शेतकरी ‘हातातोंडाशी आलेला घास गेला’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात वर्षभराचे अन्न असते, अल्प तुकडा नव्हे.

याच धातूचे दुसरे अंग म्हणजे खाणारा मनुष्य नसून मनुष्यच खाद्य होणे. पंचांगातील ‘खग्रास’ व ‘खंडग्रास’, ‘काळाचा घास’, ‘रोगाने ग्रासणे’ हे सर्व प्रयोग त्यातलेच. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ‘मृत्युमुखी’ या शब्दातही तोंड आहेच. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये त्याच तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते या गावांवर अशीच आपत्ती ओढवली होती. अशा प्रसंगी ‘डोंगराने गावाचा घास घेतला’ हा वाक्प्रयोग सहज ओठांवर येतो. शोकाच्या भाषेत तो यथार्थ आहे. इतिहासलेखनात मात्र तो कारणांवर पडदा टाकतो, कारण त्यात डोंगर कर्ता होतो आणि पाऊस, उताराची झीज, वस्तीची जागा यांचा प्रश्नच उरत नाही. २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत सावित्रीच्या उगमस्थानी, महाबळेश्वरी, सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

शासकीय कागदपत्रांतील ‘दरडग्रस्त’ हा शब्द वरकरणी कोरडा वाटतो. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. परंतु यादीत ही संज्ञा लागते ती वाचलेल्यांना, ज्यांना घर, भांडीकुंडी व शेत पुन्हा मिळवावयाचे असते त्यांना. जे खरोखर गाडले गेले, त्यांच्यासाठी त्या कागदांत ‘मृत’ व ‘बेपत्ता’ असे निराळे शब्द आहेत. महाड-पोलादपूरच्या कागदपत्रांचा अभ्यास करताना ‘ग्रस्तां’चा आकडा आणि मृतांचा आकडा एकच समजणे म्हणजे जिवंतांना यादीतून वगळणे होय.