वर्ग बंद, कुरण उघडे

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले ते डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारी २०२२ मध्ये तेही काही दिवस बंद ठेवावे लागले. एवढ्या काळात चार वर्षांचे मूल जवळजवळ सहा वर्षांचे झाले. काही घरांतली मोठी माणसे मुलांचा हात धरून झाडे, पाखरे, किडे बघत हिंडली. आपण त्याला 'फिरणे' म्हटले, 'शिकणे' म्हटले नाही. साथीच्या रोगाने मुलांना वर्गाबाहेर नेल्याची उदाहरणे मात्र इतिहासात आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी क्षयावर औषध नव्हते. १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी जंगलातच शाळा काढण्यात आली. मुले दिवसभर झाडांखाली शिकत, जेवत, विश्रांती घेत. १९०८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे ऐन हिवाळ्यात, खिडक्या सताड उघड्या ठेवून वर्ग सुरू झाला. यामागचे कारण साधे आहे. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंदट खोलीत ते साठून राहतात, मोकळ्यावर विरून जातात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्क आणि शिकागो यांनी त्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या घरांपेक्षा हवेशीर आणि रोज आरोग्यतपासणी होणारी शाळा बरी, असा त्यांचा विचार होता.

आपल्याकडे शाळा उघड्यावर आली ती वेगळ्या कारणाने. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्या थेट कुरणात गेल्या. ती कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले, खडे हीच तिथली शैक्षणिक साधने होती.

करोनाचा विषाणूही मुख्यतः बंद जागेत, हवेतून पसरतो. मोकळ्यावर धोका पुष्कळच कमी असतो. २०२० च्या पहिल्या आठवड्यांत हे स्पष्ट नव्हते, त्यामुळे तेव्हाची भीती समजण्यासारखी होती. पण नंतरही आपण शाळेचा विचार केला तो बहुधा दोनच रूपांत: बंद वर्ग किंवा मोबाइल. तिसरी वाट आपल्याच इतिहासात होती.

या वाटेवर लहान मूल काय शिकते? कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडाचेच उदाहरण घेऊ. पानावर पाखराच्या विष्ठेसारखे काही दिसते. जवळून पाहिले तर ती अळी निघते. काही दिवसांनी कात टाकून ती हिरवी होते, पानात मिसळून जाते. मग कोष, आणि शेवटी फुलपाखरू. सगळे तीन-चार आठवड्यांत आटोपते. मूल रोज तेच झाड बघते, कालचे आठवते, उद्याचा अंदाज करते. अंदाज चुकला की पुन्हा बघते. विज्ञानाची पद्धत याहून वेगळी नसते. मोठ्या माणसाला नावे ठाऊक असण्याची गरज नाही. थांबण्याइतका वेळ मात्र हवा.

आणि तो वेळ सगळ्यांकडे नव्हता. ज्यांचे आईवडील कामाच्या शोधात होते, ज्यांच्या एका खोलीत पाच-सहा माणसे होती, त्या मुलांना कोण हिंडवणार? उलट, खेड्यातली कितीतरी मुले त्या दोन वर्षांत गुरांमागे रानातच होती. गुरे रुईला सहसा तोंड लावत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. त्यावर "का?" एवढे विचारायला शेजारी कोणी नव्हते. शाळा उघडल्यावर आपण त्यांचे काय बुडाले ते मोजले. रानात त्यांनी काय पाहिले, हे क्वचितच विचारले.

म्हणून आम्ही असे सुचवतो: पुढच्या साथीची वाट न पाहता आठवड्यातला एक तास बाहेरचा ठेवावा. शाळेजवळचे एकच झाड निवडावे, वर्षभर तेच बघावे, मुले सांगतील ते वहीत उतरवावे. कधी पुन्हा वर्गाला कुलूप लागलेच, तर बाहेर काय करायचे हे मुलांना आणि आपल्याला आधीच ठाऊक असेल.