लातूर आणि अमोघवर्ष

लातूर ही राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाची राजधानी, असं आपल्याकडे अभिमानानं सांगतात. सांगण्याला आधार आहे: राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ लट्टलूर नगरीचे स्वामी, म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे लातूर हे बहुतेक अभ्यासक मानतात. पण अमोघवर्षानं नवव्या शतकात ६० हून अधिक वर्षं राज्य केलं ते मान्यखेटाहून, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडहून. मग बिरुद पोकळ होतं का? मुळीच नाही. राष्ट्रकूट सत्ता बुडाल्यावर सौंदत्तीचे रट्ट राजेही तेच बिरुद मिरवत राहिले, आणि त्यांचा कुंडीचा मुलूख तर बेळगावकडचा, लातूरपासून कितीतरी दूर. तेव्हा हे बिरुद कुळाचं मूळ गाव सांगतं, हेच पटतं. लातूरकरांनी राजधानीचा हट्ट सोडून हे मूळपण सांगावं. त्याला शिलालेखांचा भक्कम आधार आहे.